पहिल्या बावडीची बारा मापं

माफ करणं हा माझा प्रांत नाही. ग्रंथालयात एकतीस वर्षं अटेंडंट म्हणून काढल्यावर माणसाला दोन गोष्टी चिकटतात, धुळीचा खोकला आणि स्मरणशक्ती. पुस्तकाचं पान फाडणाऱ्या पोराचा चेहरा मी दहा-दहा वर्षं विसरत नाही. तेव्हा नीलमची हकीगत माझ्याकडून ऐकायची असेल तर आधीच सांगते, ही सुडाची हकीगत आहे आणि त्या सुडात मी पदर खोचून सामील होते.

कॉलेज मुलुंडचं. नाव सांगत नाही, नोकरीची दोन वर्षं अजून बाकी आहेत. मी विमला, मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी आम्ही भांडुपला आलो. तोंडाने फटकळ आहे असं सगळे म्हणतात, ते खरं आहे.

नीलम गोवंडीहून यायची. एम.ए. इतिहास, पहिलं वर्ष. घर एका खोलीचं, त्यात आई सुनंदाताई ब्लाउज शिवायच्या. मशीन सुरू झालं की घरात बोललेलंही ऐकू येत नाही, वाचायचं कुठून? म्हणून ही पोरगी सकाळी ग्रंथालय उघडताना दारात उभी आणि बंद करताना मी दिवे घालवले तरी खिडकीपाशी पुस्तक धरून बसलेली. पहिल्याच आठवड्यात मला येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या तिसऱ्या कपाटात दोन पुस्तकांचे नंबर उलटे लागलेत." एकतीस वर्षांत मला कोणी असं सांगितलं नव्हतं. मी आधी चिडले. मग जाऊन बघितलं, तर खरंच उलटे. त्या दिवसापासून तिचा डबा माझ्या टेबलावर उघडायला लागला.

स्टाफरूममध्ये तिला उद्धट म्हणायचे. मान खाली घालून बोलत नसे एवढाच तिचा उद्धटपणा.

तिचे गाइड होते राजेश सर. त्यांच्याबद्दल खोटं बोलणार नाही, शिकवायचे उत्तम. वर्गाबाहेर पोरं उभी राहून ऐकायची. पण मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे, आणि ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक परत मागितलं की असे बघायचे जणू मीच ते चोरायला निघाले आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

नीलमने प्रबंधाला विषय घेतला विजापूरच्या गल्ल्यांतल्या बावड्यांचा. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. सगळी दुनिया विजापुरात गोल घुमट बघायला जाते आणि ही निघाली विहिरी मोजायला. मी विचारलं, "घुमट सोडून विहिरी कशाला गो?" तर म्हणाली, "मावशी, गोवंडीत वाढलेय मी. पाणी कुठून येतं हा प्रश्न मला जन्मापासून पडलाय."

मोजायला विभागाकडे तीस मीटरचा स्टीलचा टेप होता, सरांच्या कपाटात. तिने मागितला. सर म्हणाले, विभागाची वस्तू बाहेर नेता येत नाही. आणि वर हसून म्हणाले, "बाळ, मोजमाप ही शिस्त असते. ती घरातून यावी लागते." हे वाक्य तिने मला जसंच्या तसं सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मग तिने घरातूनच आणलं माप. मोठ्या लांब्यांसाठी गाठी मारलेली दोरी आणि बाकी सगळ्याला आईचा शिलाईचा टेप.

डिसेंबरात पाठीवर सॅक टाकून एकटी गेली. पाच दिवस. स्टँडजवळच्या लॉजमध्ये बायकांच्या डॉर्मिटरीत राहिली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जगली, कन्नड एक शब्द येत नसताना गल्लोगल्ली दारं ठोठावून विचारत सुटली, विहीर आहे का, विहीर आहे का. सतरा बावड्या सापडल्या. काहींत पाणी, काहींत कचरा, एकीत कोंबड्या पाळलेल्या. प्रत्येकीच्या पायऱ्या, कोनाडे, उंबरे, पन्हळी, सगळं वहीत. परत आली ती उन्हाने रापलेली, टाचांना फोड, आणि आनंदाने नुसती उतू जात होती. गोल घुमट बघितलास का म्हणून विचारलं, तर शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला गेली होती म्हणे. "आतला आवाज सात वेळा परत येतो म्हणतात ना मावशी? शाळेची सहल होती. मला सात वेळा फक्त किंकाळ्या ऐकू आल्या."

जानेवारीत तिने वही सरांकडे तपासायला दिली. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मीच तिला झापलं होतं, झेरॉक्स काढून ठेव म्हणून. तिने 'उद्या काढते' म्हटलं आणि राहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी सर म्हणाले, वही कुठे दिसत नाही बाळ, पण तसाही विषय कच्चा आहे, बदल. तिने बदलला. बदलल्यावर मागच्या कपाटांच्या रांगेत जाऊन रडली. मी तिकडे गेले नाही. काही रडणी माणसाला एकट्यानेच उरकायची असतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यांवर शिक्के मारून नंबर घालणं हे माझंच काम. सातव्या पुस्तकावर शिक्का मारला आणि हात थांबला. 'विजापूरच्या गल्लीतील जलवास्तू.' लेखक, राजेश सर. प्रस्तावनेत लिहिलेलं, लेखकाने स्वतः गल्लोगल्ली फिरून या सतरा बावड्यांची मापं प्रथमच नोंदवली आहेत. सतरा. मी शेवटपर्यंत पानं उलटली. आभारांत प्रकाशक होता, बायको होती, ड्रायव्हरसुद्धा होता. नीलम नव्हती.

माझं डोकं असं भणाणलं की शिक्का मी टेबलावरच आपटला. त्याचा डाग अजून तिथे आहे.

नीलम पुस्तक घेऊन सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली. मी दाराबाहेर खुर्ची पुसत उभी राहिले, हो, कान देऊन. सर अजिबात चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "अगं बाळ, दगड तेच, पायऱ्या त्याच. तू मोजलंस तरी नऊ इंच, मी मोजलं तरी नऊ इंच. मी दोनदा जाऊन आलोय विजापूरला. आकडे कोणाच्या मालकीचे असतात का? पंचवीस तारखेला प्रकाशन आहे, ये नक्की."

ती बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, माझी वाट लागली. मी सगळं बरोबर मोजलं, तीच चूक झाली."

नीट ऐका तिचं म्हणणं, कारण सगळं त्यावरच आहे. माप बरोबर असेल तर ते कोणीही घेऊ शकतो. चोराचं आणि कष्ट करणाऱ्याचं नऊ इंच सारखंच दिसतं. वही गेली, आता तिचं नाव त्या सतरा बावड्यांवर कुठे चिकटणार? पैसे नको होते तिला, नोकरी नको होती. त्या कामाला आपलं नाव असावं, एवढंच हवं होतं आणि तेच गिळलं गेलं होतं. मी रात्रभर त्या माणसाच्या तोंडात माती पडो म्हणत तळमळले. पण शिव्यांनी कधी कोणाचं नाव परत मिळालेलं नाही.

पुढच्या रविवारी मी गोवंडीला गेले. ब्लाउज शिवायला टाकायचा होता, आणि खरं तर पोरगी चार दिवस आली नव्हती म्हणून. नीलम पलंगावर ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, जेवलेली दिसत नव्हती. सुनंदाताईंनी माझ्या बाहीचं माप घेतलं आणि पोरीला म्हणाल्या, "लिही, साडेदहा." मला चष्मा लागला असला तरी आकडे दिसतात. टेपवर साडेअकरा होते.

"ताई, चुकताय तुम्ही," मी म्हटलं. "साडेअकरा आलेत."

ताई हसल्या. "टेपाचा पहिला इंच इस्त्रीनं खाल्ला, दोन वर्सं झाली. पितळेची पट्टी निघाली, रबर वितळलं. म्या कात्रीनं कापून टाकला. आता हा एकापासून सुरू होतो. आमच्या घरात एक वजा करूनच मोजायचं. नवा काय घ्यायचा, सवय झालीय."

माझ्यामागे पुस्तक जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"आई," नीलम म्हणाली, "मी पहिल्या दिवशी एक वजा केला नव्हता."

मग तिने सांगितलं. पहिल्या दिवशी ती पहाटे सोलापूरला उतरून, बसने विजापूर गाठून, तशीच न झोपता पहिल्या बावडीत उतरली होती. डोळे मिटत होते. टेपवर दिसले ते आकडे लिहीत गेली. संध्याकाळी आईचा फोन आला, "एक वजा करतीस ना गं?" तेव्हा जीभ चावली. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या सोळाही बावड्यांत नीट वजा केलं, आणि पहिल्या बावडीचं पान घरी गेल्यावर दुरुस्त करू म्हणून ठेवलं. घरी आल्यावर ते राहूनच गेलं आणि वही सरांकडे गेली.

तिने पुस्तक उचललं, पहिल्या बावडीचं पान काढलं आणि मोबाइलमध्ये डिसेंबरचे फोटो शोधायला लागली. एक सापडला. तिसऱ्या कोनाड्याच्या कडेला टेप लावलेला, एकापासून एकोणीसपर्यंत. म्हणजे खरं माप अठरा. पुस्तकात छापलं होतं एकोणीस.

सुनंदाताईंना आधी काही कळेना. मी त्यांना समजावलं तेव्हा मात्र त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या मास्तरनं माझ्या टेपाची चूकसुद्धा चोरली?"

विभागाचा स्टीलचा टेप त्याने कुलपात ठेवला नसता तर तो आज सुटला असता. हा विचार मनात आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी सुनंदाताईंकडे चहा मागितला.

पण एका फोटोवर काही होत नाही. छापखान्याची चूक म्हणून तो मोकळा झाला असता. पहिल्या बावडीची बारा मापं होती, सात पायऱ्यांच्या उंच्या, तीन कोनाडे, उंबरा आणि पन्हळ. बाराच्या बारा नेमकी एकाच इंचाने जास्त आहेत हे दाखवायचं तर परत जाऊन स्टीलच्या टेपने मोजायला हवं, आणि सोबत साक्षीदार हवा. नवा स्टीलचा टेप मी विकत घेतला आणि रजा टाकली. कारण लिहिलं, देवदर्शन.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीवर सॅक लावून फिरणं म्हणजे काय ते मला विचारा. निघण्याआधी नीलमने माझी सॅक उघडून अर्धी रिकामी केली. "मावशी, स्टीलचे दोन डबे कशाला? आणि ही चादर? लॉजमध्ये असते." लाडू मात्र मी काढू दिले नाहीत. कुर्ल्याहून गाडी, पहाटे सोलापूर, तिथून बस. विजापुरात उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन असं की रस्ता डोळ्यांना टोचत होता. घुमट सगळीकडून दिसत होता. मी म्हटलं, जरा सावलीत बसू. नीलम म्हणाली, काम झाल्यावर.

गल्ल्या चार महिन्यांत तिला विसरल्या नव्हत्या. एका दुकानदाराने हाक मारली, "विहीरवाली आली!" माझ्या गुडघ्यांनी मात्र तिसऱ्या गल्लीत दगा दिला. एका टांग्यावाल्याने माझ्याकडे बघून न विचारताच टांगा थांबवला. नीलम चालत, मी टांग्यात, अशी आमची वरात पहिल्या बावडीवर पोचली.

आणि बघतो तर काय, बावडीत गवंडी.

गल्लीतल्या लोकांनी मिळून विहिरीची डागडुजी काढली होती. मुलं घसरून पडायची म्हणून पायऱ्यांवर सिमेंटचा जाड गिलावा द्यायचं ठरलेलं. खाली घमेल्यात माल कालवणं चालू होतं. तिसरा कोनाडा, फोटोतला, विटांनी बुजवूनही झाला होता.

नीलमचा चेहरा पांढरा पडला. ती धावत खाली उतरली आणि मुकादमाला म्हणाली, "दादा, दोन तास थांबा. फक्त मोजायचंय." मुकादम सोलापूरकडचा, मराठी बोलणारा. म्हणाला, "माल कालवलाय ताई, वाळून जाईल. उद्या या की."

उद्या म्हणजे पायऱ्या सिमेंटखाली. सर्वांत खालच्या पायरीवर गिलावा लावायला गवंडी वाकलासुद्धा. मी काय केलं असेल? सॅकसकट खाली उतरले आणि त्या पायरीवर बसले.

"मी काय हयसून उठूचंय नाय," मी म्हटलं. "लाव मेल्या, माझ्यावर लाव गिलावा."

गवंड्याने मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने कपाळाला हात लावला. वरून हसण्याचा आवाज आला. बावडीला लागून असलेल्या घरातली बाई दारात उभी होती. राधाक्का म्हणतात तिला. तिने नीलमला ओळखलं होतं. "हीच ती," मुकादमाला म्हणाली, "मागच्या खेपेला शिंप्याच्या टेपानं मोजत होती. पोरगी सकाळपास्नं उपाशी होती, मी भाकरी दिली तवा जेवली. थांब रे जरा. घमेल्यातला माल माझ्या ओट्याला लाव, ओटा फुटलाच आहे."

अशा रीतीने राधाक्काचा ओटा दुरुस्त झाला आणि आम्हाला दोन तास मिळाले.

त्या दोन तासांत नीलमला मी पहिल्यांदा काम करताना बघितलं. ग्रंथालयात वाचताना दिसायची ती वेगळी. इथे गुडघ्यांवर बसून, टेप लावून, आकडा मोठ्याने म्हणायची, फोटो काढायची, मग परत एकदा लावून बघायची. आकडा मी लिहायचा आणि खाली सही करायची. पहिली पायरी, पुस्तकात दहा इंच. टेपवर नऊ. दुसरी, पुस्तकात अकरा. टेपवर दहा. तिसरीलाही तोच एक इंच. चौथी, पाचवी, सहावी, सातवी. दोन कोनाडे. उंबरा. पन्हळीपाशी तिला पाण्यात कमरेपर्यंत उतरावं लागलं, उतरली. तिथेही एक इंच कमी. अकरा मापं हातात आली. बारावं माप, तिसऱ्या कोनाड्याचं, विटांमागे गेलं होतं, पण त्याचा फोटो तिच्याकडे होताच.

सगळं झाल्यावर ती त्या ओल्या कपड्यांनी पायरीवर बसली आणि हसली. वर येऊन आम्ही राधाक्काच्या घरी भाकरी खाल्ली. गवंड्यांनी खाली गिलावा सुरू केला. दुपार कलल्यावर तिने मला बाकीच्या बावड्या दाखवल्या, पाच-सहा तरी. एकीत कबुतरं, एकीत पिंपळ उगवलेला, एकीच्या तळाशी पाणी इतकं गार की मी पाय सोडून अर्धा तास बसले. विजापूरवरच्या पुस्तकांची धूळ मी एकतीस वर्षं झटकली होती. विजापूर बघितलं त्या दिवशी. गुडघे बोंबलत होते, तोंडाला कोरड पडली होती आणि तरी मला तिथून उठवत नव्हतं. मग आठवलं की ही सगळी पायपीट, हा घाम, ही उपाशी सकाळ त्या माणसाने केबिनमध्ये पंख्याखाली बसून गिळली होती. सरळ उठले आणि म्हटलं, चल, पंचवीस तारीख जवळ आलीय.

परतीच्या बसमध्ये मात्र ती लिहिलेले आकडे परत परत वाचत बसली. सोलापूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मावशी, भर सभेत सांगावं लागणार ना, की मी चुकीचं मोजलं होतं. आईच्या कापलेल्या टेपने. हसतील सगळे. आईला पण हसतील."

"हसू देत मेले," मी म्हटलं. "पोट भरून हसू देत. मग आपण बोलू."

पंचवीस तारखेला सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर प्राचार्य, सर आणि पाहुण्या म्हणून बोलावलेल्या एक वयस्कर संशोधक बाई. सुनंदाताई मागच्या रांगेत माझ्याशेजारी, इस्त्रीची साडी नेसून, पर्स घट्ट धरून. सरांनी भाषण फक्कड केलं, खोटं कशाला बोलू. विजापूरच्या उन्हाचं वर्णन तर असं केलं की कोणालाही वाटावं, हा माणूस तिथे होरपळून आलाय. मग म्हणाले, काही प्रश्न?

नीलम उभी राहिली.

"सर, पहिल्या बावडीची मापं कशाने घेतली होती?"

"स्टीलच्या टेपने. विभागाच्या."

"तुम्ही स्वतः?"

"अर्थात स्वतः. प्रस्तावनेत लिहिलंय की, बाळ."

"मग त्या बावडीची बाराच्या बारा मापं एक इंचाने जास्त कशी आली?"

सभागृहात कुजबुज झाली. सर हसले, म्हणाले, जुने दगड, थोडंफार इकडेतिकडे होतं. नीलमने अकरा आकडे वाचून दाखवले, माझं नाव साक्षीदार म्हणून सांगितलं. मी उभी राहिले, 'खरं आहे' म्हटलं आणि बसले नाही, उभीच राहिले. सर म्हणाले, मग छापखान्याची चूक असेल.

"बारा वेळा? आणि दर वेळी नेमका एकच इंच?" नीलम म्हणाली. "सर, ती चूक माझी आहे. ती मापं मी घेतली, आईच्या ब्लाउज शिवायच्या टेपने. त्याचा पहिला इंच कापलेला आहे. पहिल्या दिवशी मी एक वजा करायला विसरले."

हसले. बोलली होती तसेच हसले. पुढच्या रांगेतला एक प्राध्यापक तर रुमाल तोंडावर धरून. सुनंदाताईंची मान खाली गेली. नीलमचे कान लाल झाले, पण ती बसली नाही. मोबाइल वर धरून म्हणाली, "हा डिसेंबरचा फोटो. टेप एकापासून सुरू होतोय, एकोणीसला संपतोय. सरांच्या पुस्तकात एकोणीस आहे."

व्यासपीठावरच्या पाहुण्या बाईंनी विचारलं, "तो टेप आहे का इथे?"

सुनंदाताई उठल्या. आयुष्यात कधी अशा सभेत न गेलेली बाई, मधल्या वाटेने चालत व्यासपीठापर्यंत गेली आणि पर्समधून टेप काढून बाईंच्या हातात दिला. बाईंनी कापलेलं टोक बघितलं, बोट फिरवलं. मग समोर पडलेलं सरांचं पुस्तक उचलून त्याच्या कडेला टेप लावला, आकडा बघितला, पट्टी मागवून तेच परत मोजलं. एका इंचाचा फरक. त्यांनी पुस्तक उलटं करून टेबलावर ठेवलं. आता कोणी हसत नव्हतं.

सरांच्या कपाळावर घाम आला. पण हुशार माणूस, लगेच सावरला. माइक ओढून म्हणाला, "नीलमने मला मदत केली होती हे नमूद करायचं राहूनच गेलं. दुसऱ्या आवृत्तीत आपण तिचं नाव सहलेखिका म्हणून टाकू." प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. आणि सांगायला लाज वाटते, मलासुद्धा वाटलं, घे पोरी, नाव मिळतंय, घेऊन टाक.

टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"नको सर," ती म्हणाली. "ते पुस्तक तुमच्या एकट्याच्याच नावावर राहू दे. त्यातल्या बारा चुकांसकट. बरोबर मापं मी माझ्या नावाने छापणार आहे. आणि पहिल्या पानावर लिहिणार आहे, की ही मापं आधी कोणी चुकीची घेतली, कशी घेतली, आणि ती चुकीची मापं अजून कोणाच्या पुस्तकात वाचायला मिळतात."

माझ्या अंगावर काटा आला. मी एवढी सुडाची बाई, मलाही हे सुचलं नसतं.

पाहुण्या बाई जाताना तिला आपला पत्ता देऊन गेल्या, लेख तयार झाला की पाठव म्हणून. सभागृह रिकामं झालं. आम्ही तिघी दारापाशी आलो तसे सर मागून आले. फार थकलेले दिसत होते. पहिल्यांदाच त्यांनी तिला नावाने हाक मारली.

"नीलम, तुझं नाव तुला लखलाभ. पण माझं पुस्तक असं चुकीचं राहू देऊ नकोस. निदान ते बरोबर आकडे तरी मला दे. मी शुद्धिपत्र जोडतो."

नीलमने सॅक पाठीवर नीट बसवली.

"जाऊन मोजून या ना, सर. इथून एका रात्रीचा तर प्रवास आहे."

पायऱ्या आता सिमेंटखाली गेल्यात हे तिने त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.